एल्मफील्डच्या रस्त्यावरचा राजीनामा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या गावात सगळ्यात आधी नायगाराबद्दल विचारतात. नायगारा मी पाहिला. पाणी वरून खाली पडतं आणि पुष्कळ पडतं, यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगता येणार नाही, कारण माझ्या चष्म्यावर तुषार बसले होते आणि चष्मा पुसायचा रुमाल माझ्या बायकोच्या, कुमुदच्या पर्समध्ये होता. न्यूयॉर्कही पाहिलं. मान दुखली. पण ज्या तीन दिवसांबद्दल मी आजवर कुणाला धड बोललो नाही, ते एल्मफील्ड नावाच्या एका लहानशा गावातले आहेत. तिथं एका शनिवारी दुपारी भर रस्त्यात सगळ्या गावानं मिळून मला पदावरून खाली खेचलं. अशी वेळ माझ्यावर आयुष्यात दुसऱ्यांदा आली होती. पहिल्या वेळी मी हजर नव्हतो.

दोन हजार चार सालचा सप्टेंबर. आमची मुलगी वृषाली मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहते. जावई संगणकातले. त्यांच्याकडे मी आणि कुमुद सहा महिन्यांसाठी गेलो होतो. मी म्हणजे सोलापूरकडचा भुसार मालाचा व्यापारी. गावाबाहेर वीस एकर बागायत आणि चार वर्षं नगराध्यक्ष. या तिन्ही गोष्टी मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. श्रूजबरीत त्या सांगून काही उपयोग होत नव्हता. गणपतीला तिथल्या मंडळातल्या पोरांनी मला "काका, तुम्ही बसा" म्हणून एका फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवलं, ते आरती संपून खुर्च्या गोळा करेपर्यंत.

शेजारच्या डॉरथीबाईंनी मात्र माझं नीट ऐकून घेतलं. या पंचाहत्तरीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. मी मागच्या अंगणात पाय मोकळे करत असे तेव्हा त्या कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत असत. माझं नाव मल्लिनाथ. त्यांनी त्याचं मॅली केलं आणि मी ते चालवून घेतलं. एके दिवशी त्यांनी मला उलट प्रश्न केले. व्यापार कसला? जमीन स्वतः मिळवलेली की वडिलांची? आणि नगराध्यक्षपद कसं गेलं? शेवटच्या प्रश्नाला मी मुदत संपली असं उत्तर दिलं. ते खरं नव्हतं.

दोन दिवसांनी त्या वृषालीकडे प्रस्ताव घेऊन आल्या. त्यांच्या माहेरगावी, एल्मफील्डला, दरवर्षी सप्टेंबरात एक जुना प्रसंग गावकरी रस्त्यावर करून दाखवतात. त्यात ओबडाया थर्लबी नावाचं मुख्य पात्र आहे. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात असतानाचा हा माणूस मोठा व्यापारी, मोठा जमीनदार आणि राजकारणी होता. ते काम करणारे नाटकाचे मास्तर यंदा दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते. मॅली करतील का?

वृषाली म्हणाली, "बाबा, शुअर आहात ना? नाहीतर मी त्यांना सांगते, प्लॅन कॅन्सल करू."

मी म्हटलं, कॅन्सल कशासाठी? माणूस पाहूनच विचारलं असेल ना. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी एकदा द्वारपाल झालो होतो आणि भर दरबारात माझा भाला हातातून पडला होता, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तीन ओळींचं इंग्रजी भाषण पाठ करायचं होतं. मी ते आंघोळ करताना म्हणू लागलो. जावयांच्या मित्रांना फोन करून, मला एका ऐतिहासिक नाटकात प्रमुख भूमिका मिळाल्याचं कळवलं.

कुमुदनं त्या पात्राचं नाव ऐकलं आणि त्याचं ओबडधोबड करून टाकलं. मग भाषणाचा अर्थ वृषालीकडून समजून घेतला आणि मला म्हणाली, "अहो, हा तर राजीनामा आहे. त्यांना पाडायला माणूस हवाय."

शुक्रवार

डॉरथीबाईंच्या गाडीतून आम्ही एल्मफील्डला पोचलो तेव्हा चार वाजले होते. डोंगराळ भाग. मेपलची झाडं नुकतीच तांबडी व्हायला लागली होती, तीही सगळी एकदम नाही. एका हिरव्या झाडाला मध्येच एक लाल फांदी, तिथं कुणीतरी वाळत घातलेलं लुगडं असावं तशी. शेताशेतांच्या मध्ये दगडांचे बांध, माती न लावता नुसते एकावर एक रचलेले. मी बांधाकडे पाहणारा माणूस आहे. इतके सरळ आणि इतके जुने बांध मी आमच्या तालुक्यात पाहिलेले नाहीत. आमच्याकडे बांध दरवर्षी थोडा सरकतो.

मुक्काम डॉरथीबाईंचे धाकटे भाऊ वॉल्टर यांच्याकडे होता. सत्तरीचा, उंच, एकटा राहणारा शेतकरी. सफरचंदांची बाग आणि चार गाई. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा माझी शेती ही फक्त मालकीची आहे हे त्यांना कळलं असणार. ते फारसं बोलत नसत. बोलायची वेळ आली की आधी खिडकीबाहेर पाहायचे.

जेवायला मक्याची उकडलेली कणसं, भोपळ्याचं सूप आणि घरी भाजलेला पाव. आम्ही शाकाहारी हे डॉरथीबाईंनी आधीच कळवलं होतं. कुमुदनं डब्यातली शेंगांची चटणी पुढे केली. वॉल्टरनी ती पावावर लोण्यासारखी जाड पसरली, एक घास खाल्ला, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि आणखी पसरली. जेवण झाल्यावर त्यांनी उठून सगळी भांडी घासली. कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. मी बांधांबद्दल काहीतरी बोलायला लागलो.

मग डॉरथीबाईंनी सांगितलं की थर्लबीच्या हातून राजीनाम्याचा कागद ज्यानं घेतला तो त्यांचा पूर्वज. दरवर्षी ते काम वॉल्टर करतात. गावातली निम्मी घरं त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्यांच्या वंशातली. त्यामुळं गर्दीत उभं राहायला सगळे एका पायावर तयार असतात, थर्लबी व्हायला कुणीच तयार होत नाही.

म्हणजे माणूस पाहून विचारलं नव्हतं. बाहेरचा पाहून विचारलं होतं.

"आणि हे शेत?" मी विचारलं.

"थर्लबीचंच होतं," वॉल्टर म्हणाले, आणि उरलेली चटणी पुन्हा पुढे ओढून घेतली.

शनिवार

सकाळी डॉरथीबाई आम्हाला थर्लबीच्या घरी घेऊन गेल्या. गावानं ते घर जपून ठेवलंय. दोन मजली, लाकडी, पिवळ्या रंगाचं. दाराच्या दोन्ही बाजूंना लाकडाचेच खांब, पण दगडाचे वाटावेत असे रंगवलेले. मला घर एकदम आवडलं. आमच्या नव्या बंगल्याच्या पोर्चला मीही संगमरवरासारखी दिसणारी फरशी बसवली आहे.

तिथं डॉरथीबाईंनी त्याची सगळी हकीकत सांगितली. एकोणिसाव्या वर्षी हा पोरगा पाठीवर गाठोडं घेऊन या डोंगरात आला. सुया, बटणं, मीठ, काकवी विकत पायी फिरायचा. मग चौकात दुकान टाकलं. दुकान नीट चालायला लागलं तसं पाद्र्याच्या मुलीशी लग्न केलं. एक टेकडी घेतली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. गावाला घाटातून रस्ता करून दिला, चर्चला घंटा दिली. गावानं त्याला वर्षानुवर्षं आपला प्रतिनिधी म्हणून निवडून पाठवलं. आधी तो सभेला जाण्यापूर्वी दुकानाच्या पायरीवर बसून लोकांना विचारायचा, तिकडं जाऊन काय बोलू? पुढं पुढं तो परत आल्यावर, काय ठरवून आलो ते सांगायला लागला.

मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. घाटातला रस्ता म्हणजे माझा बायपास, घंटा म्हणजे मी शाळेला दिलेला लाउडस्पीकर. इतक्या लांब, इतक्या वर्षांपूर्वी, थेट माझ्यासारखा माणूस होऊन गेला होता. कुमुदला मी हे दोनदा सांगितलं. ती माडीवरच्या एका लहान, बिनखिडकीच्या खोलीसमोर थांबली होती. तिथं कोण झोपायचं असं तिनं विचारलं. डॉरथीबाई म्हणाल्या, थर्लबीचा गुलाम. नाव सीझर, एवढंच माहीत आहे. मी लगेच दुसऱ्या खोलीतल्या घड्याळाची चौकशी सुरू केली. ती खोली माझ्या हिशेबात बसत नव्हती आणि मला नाटकाआधी माझा नायक खराब करायचा नव्हता.

पुढची गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडच्या राजानं नवा कायदा केला. लोकांनी निवडून द्यायचं मंडळ रद्द, आता राजाच माणसं नेमणार. नेमलेल्यांत थर्लबीचं नाव आलं आणि त्यानं ते पद घेतलं. तेव्हा सप्टेंबरातल्या एका सकाळी आसपासच्या गावांतून माणसं एल्मफील्डला जमली आणि त्याच्या दारापासून चौकापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना रांगा करून उभी राहिली. त्याला बोलावलं. टोपी हातात घेऊन, राजीनामा वाचत वाचत त्याला त्या रांगांमधून चालायला लावलं. थोडं चालायचं, थांबायचं, वाचायचं, पुन्हा चालायचं, म्हणजे प्रत्येकाला ऐकू जावं. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. पुढं लढाई पेटली आणि तो जहाजानं हॅलिफॅक्सला, कॅनडाच्या किनाऱ्यावर, निघून गेला. जमीन गावानं जप्त करून विकली. तो परत आलाच नाही.

हॅलिफॅक्सहून त्यानं ओळखीच्या लोकांना पाठवलेली काही पत्रं काचेखाली ठेवली आहेत. अक्षर मला वाचता येईना. डॉरथीबाई म्हणाल्या की त्यांनी ती सगळी वाचली आहेत. रांगेत कोण कोण उभं होतं, याच्या त्यात याद्या आहेत. अमुक, ज्याला मी बियाणं दिलं. तमुक, ज्याच्या मुलाला मी कामाला ठेवलं. शेवटच्या पत्रापर्यंत ती नावं आहेत, आणि दर पत्रात एखादं वाढलेलं आहे.

"एकाही पत्रात त्यानं 'का' असं विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त कोण."

इथं मला माझ्याबद्दल सांगायला हवं. माझ्याविरुद्ध अविश्वास ठराव आला होता. नगरसेवकांची ती सभा दुपारी तीनला होती. मी सकाळीच शिपायाच्या हाती तब्येत बिघडल्याची चिठ्ठी पाठवली आणि शेतावर जाऊन बसलो. संध्याकाळी मागच्या बोळातून घरी आलो. त्या आठवड्यात मी एका डायरीत नावं लिहून काढली, ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांची. पहिलं नाव भास्करचं. भास्कर माझा वर्गमित्र. त्याला पहिलं तिकीट मी मिळवून दिलं, आणि ठराव त्यानंच मांडला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. माझा विश्वासघात कसा झाला हे मी गावातल्या प्रत्येकाला, आल्यागेल्या पाहुण्याला आणि विमानात शेजारी बसलेल्या एका गुजराती गृहस्थांना सांगितलं होतं. ते गृहस्थ मध्येच झोपले.

त्या काचेच्या पेटीसमोर मी फार वेळ थांबलो नाही. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

दुपारी वेशभूषा. आधीचे मास्तर सहा फुटांचे होते. त्यांचा निळा कोट माझ्या गुडघ्यांखाली येत होता आणि बाह्यांतून माझ्या बोटांची फक्त टोकं दिसत होती. आतल्या जाकिटाची गोष्ट उलटी. त्याच्या गुंड्या माझ्या पोटावर पोचेनात. कुमुदनं पर्समधल्या सगळ्या सेफ्टी पिना लावल्या, आणि कमी पडल्या तेव्हा स्वतःच्या साडीच्या निऱ्यांची काढून लावली. गुडघ्यापर्यंतची विजार आणि पांढरे मोजे. एक मोजा पहिल्यापासून खाली यायच्या विचारात होता. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप. आरशात पाहिलं तर मी एखाद्या बँडपथकातला वाटत होतो. मी कुमुदला विचारलं, कसा दिसतोय? ती म्हणाली, "पोट आत घेऊ नका, पिना सुटतील."

तीन वाजता थर्लबीच्या दारात मी उभा राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. काही जण जुन्या पोशाखात, बाकीचे रोजच्या कपड्यांत. सकाळी आम्हाला दुकानात सफरचंदाचा रस पाजणाऱ्या बाई होत्या. पोस्टातला माणूस होता. रांगेच्या टोकाला, चौकात, वॉल्टर काळी टोपी घालून उभे होते. डॉरथीबाईंनी हातानं खूण केली.

माझी तयारी आरडाओरड्याची होती. आमच्याकडे पडलेल्या माणसावर लोक ओरडतात, हलगी वाजवतात, गुलाल उधळून त्याच्या दारावरून मिरवणूक काढतात. त्याला तोंड कसं द्यायचं ते मला माहीत आहे. म्हणून मी पायऱ्या उतरलो, टोपी हातात घेतली आणि प्रचारसभेत लावतो तसा आवाज लावून, एक हात वर करून पहिल्यांदा वाचलं. मी ओबडाया थर्लबी, राजानं दिलेलं पद सोडतो. ते मी घ्यायला नको होतं. पुन्हा कधी असं पद घेणार नाही.

कुणी काही बोललं नाही. ओरडलं नाही, हसलं नाही. नुसते पाहत राहिले. त्या मूळच्या दिवशी माणसं अशीच गप्प उभी होती, म्हणून वॉल्टर दरवर्षी सगळ्यांना सांगून ठेवतात: बोलायचं नाही, त्याच्याकडे पाहायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दहा पावलं चाललो, थांबलो, वाचलं. आवाज थोडा खाली आला. पुन्हा दहा पावलं. मोजा घोट्यापर्यंत उतरला. तो वर ओढायला वाकलो तर पाठीकडची एक पिन सुटली आणि टोचली. तरी कुणी हसलं नाही. सकाळी रस पाजणाऱ्या बाई अगदी हाताच्या अंतरावर होत्या. त्या माझ्याकडे रागानं पाहत नव्हत्या. एखादा मुलगा खोटं बोलतोय हे ठाऊक असलेली आई पाहते तसं पाहत होत्या, आता हा काय म्हणतो याची वाट बघत.

चौथ्या-पाचव्या वेळेला माझं नाटक संपलं. ते कधी संपलं हे मला कळलं नाही. मला आमच्या नगरपालिकेचा हॉल दिसायला लागला, तिथल्या लाकडी खुर्च्या, दुपारी तीन वाजता बसलेली माणसं आणि मधली माझी रिकामी खुर्ची. तिथं मी गेलो असतो तर त्यांच्या तोंडाकडे असंच पाहावं लागलं असतं. आणि भास्करच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर खालच्या वेशीचं नाव निघालं असतं. भास्करचा वॉर्ड खालच्या वेशीला. आमच्या गावात नव्या पाण्याची लाइन आली तेव्हा पहिली शाखा खालच्या वेशीला जायची होती. ती आधी बायपासच्या बाजूला गेली, जिथं माझ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे होते. खालच्या वेशीनं दोन उन्हाळे टँकरवर काढले. इंजिनिअरनं तशी आखणी केली, असं मी सांगत असे. इंजिनिअरला आखणी कुणी सुचवली ते मला माहीत होतं. फक्त मी त्याचा आणि ठरावाचा संबंध जोडला नव्हता. जोडायची वेळच येऊ दिली नव्हती.

वाचायचं ते वाचत मी चौकात पोचलो. कागद वॉल्टरच्या हातात दिला. लिहून दिल्याप्रमाणे ते म्हणाले, थर्लबीसाहेब, आता टोपी घाला आणि घरी जा. यावर मी टोपी घालून निघून जायचं होतं. तिथं नाटक संपतं.

मी गेलो नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्यांना विचारलं, "तुम्ही हे का केलंत?"

वॉल्टर नट नव्हते. त्यांच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून लांब टेकडीकडे. मग ते म्हणाले, "तुम्ही आधी आम्हाला विचारायचात. मग विचारायचं सोडलंत."

मी टोपी घातली आणि बाजूला झालो. टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं यंदा नवा प्रवेश घातलाय. डॉरथीबाई मात्र नाराज होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की थर्लबीनं असं काही विचारल्याची नोंद नाही आणि इतिहासात आपल्या पदरचं घालू नये. मी माफी मागितली. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना सफरचंदाचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी होती. रसवाल्या बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की मी आवाज हळूहळू खाली नेला तो फार खरा वाटला, कसं जमवलं? मी सवयीनं म्हणालो, पूर्वी रंगभूमीवर काम केलंय.

रविवार

सकाळी वॉल्टर गाईंकडे गेले होते आणि डॉरथीबाई प्रार्थनेला. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. कुमुद निळ्या कोटाच्या पिना काढत होती. मी तिला विचारलं, भास्करला फोन करावा का?

तिनं पिना डबीत टाकल्या. म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं, भास्करभाऊजींना एकदा विचारा म्हणून."

"कधी सांगितलं होतंस?"

"रोज."

मला एकदाही ऐकू आल्याचं आठवत नव्हतं.

वॉल्टरच्या भिंतीवर जुना फोन होता. ते गोठ्यातून आल्यावर मी त्यांची परवानगी घेतली. आमच्याकडे वृषालीनं दिलेलं कॉलिंग कार्ड होतं. नाण्यानं खरवडून त्यावरचा लांबलचक नंबर दाबायचा. मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा कुमुदनं दाबला. भास्करचा नंबर मला पाठ होता, आणि तो बदललेला नव्हता. इकडे सकाळचे साडेआठ, म्हणजे तिकडे संध्याकाळ. तो घरीच असणार.

तो घरीच होता. माझा आवाज ओळखल्यावर आधी त्याला वाटलं कुणीतरी गेलं. वहिनी बऱ्या आहेत ना, वृषाली बरी आहे ना, असं त्यानं घाईनं विचारलं. मी सगळे बरे असल्याचं सांगितलं. वॉल्टर टेबलाशी बसून पावावर चटणी लावत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, याचा मला आधार वाटला.

मी प्रस्तावना पाठ केली होती. नाटकाचं, थर्लबीचं, अमेरिकेचं सांगून मग हळूच विषयाकडे यायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"भास्कर," मी म्हटलं, "ठराव का मांडलास?"

नगराध्यक्ष झाल्यापासून मी त्याचाही अण्णा झालो होतो. तो म्हणाला, "अण्णा, त्याआधी मी चार वेळा तुमच्याकडे आलो होतो."

"माझ्याकडे?"

"दुकानावर. खालच्या वेशीच्या पाण्यासाठी. तुम्ही प्रत्येक वेळी बसवलंत, चहा मागवलात, घरच्यांची चौकशी केलीत. आणि पाण्याचं काढलं की कुणाला तरी हाक मारून आत निघून जायचात. पाचव्यांदा यायला मला लाज वाटली."

मला चहा आठवत होता. दुधाचा, आलं घातलेला, समोरच्या हॉटेलातून मागवलेला. भास्करला मी नेहमी चांगलं वागवलं, याचा पुरावा म्हणून मी तो चहा इतक्या लोकांना सांगितला होता. तो कशासाठी यायचा हे मात्र माझ्या आठवणीत कुठेच नव्हतं.

"मी काय म्हणत होतो, ते आता सांगू?" भास्करनं विचारलं. त्याच्या आवाजात चिडल्याचं काही नव्हतं. खात्रीही नव्हती, की मी थांबेन.

मी म्हटलं, "सांग. पहिल्या खेपेपासून सांग."

तो सांगायला लागला. आधी अडखळत, मग नीट. कोणत्या गल्लीत टँकर आत जात नव्हता, कुठल्या म्हातारीचा हंडा डोक्यावरून पडून पाय मोडला, कुणाच्या लग्नात पंगतीला पाणी पुरलं नाही आणि मुलाकडचे उठून गेले. कुमुदनं माझ्यामागे खुर्ची आणून ठेवली. वॉल्टरनीही हातानं खूण केली, बसा.

मी बसलो नाही. उभ्यानंच ऐकत राहिलो.